विधान आणि कारण

(स्नेहमेळाव्यातील ‘सध्या मी काय करते / करतो’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सन्माननीय गुरुजन आणि १९९७ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि सोळाव्या मिनिटाला जेवणाची पंगत बसणार आहे, असं बजावलंही आहे. त्यामुळे लगेच मुद्द्यावर येते.

आपल्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एकाने लिहिलं होतं, “सॉफ्टवेअर म्हटलं की आम्हाला फक्त पगार कळतो. तू नक्की काय करतेस, ते एकदा समजेल असं सांग.” आज ते सांगणार आहे. पण त्याआधी समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या भूमितीच्या बाईंना एक आठवण करून द्यायची आहे.

बाई, नववीच्या सहामाहीत तुम्ही मला एका प्रश्नाला चारपैकी शून्य गुण दिले होते. सिद्धता लिहायची होती. डावीकडे ‘विधान’, उजवीकडे ‘कारण’, असे दोन रकाने. मी विधान लिहिलं, ‘दोन्ही बाजू समान आहेत’, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘आकृतीवरून’. पेपर मिळाल्यावर मी तुमच्याशी भांडायला आले. म्हणाले, बाई, बाजू खरंच समान आहेत, मग शून्य का? तुम्ही म्हणालात, “समान आहेत हे मलाही माहीत आहे. तुला कसं कळलं, ते लिही.” त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. माझ्या कामातली सगळ्यात मोठी चूक मला तुमच्या या वाक्यामुळे कळली. ती चूक सांगण्यासाठीच आज उभी आहे.

आधी काम सांगते.

कराडचा वळवाचा पाऊस आठवा. मे महिन्यातली संध्याकाळ, धुळीचा लोट, आणि मग विजा. वीज चमकली की आपण मोजायला लागायचो: एक, दोन, तीन… गडगडाट होईपर्यंत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर, हे विज्ञानाच्या सरांनी शिकवलं होतं. नऊपर्यंत मोजून झालं तर वीज तीन किलोमीटरवर.

गडगडाट होतो कसा? विजेच्या वाटेतली हवा क्षणात प्रचंड तापते, तापून फुगते आणि त्या धक्क्याचा आवाज होतो. उष्णता, प्रसरण, आवाज. शरीराच्या आत अशाच चिमुकल्या विजा पाडायच्या, बाहेरून त्यांचा गडगडाट ऐकायचा आणि त्या कुठे पडल्या हे शोधायचं, हे माझं काम. त्याला फोटोअकूस्टिक इमेजिंग म्हणतात. प्रकाश आत पाठवायचा, आवाज बाहेर ऐकायचा आणि त्यावरून आतलं त्रिमितीय चित्र काढायचं.

कल्पना जुनी आहे. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० साली पाहिलं, की सूर्यप्रकाश थांबून थांबून एखाद्या पदार्थावर पाडला, तर तो पदार्थ आवाज करतो. त्यांच्याकडे लेसर नव्हता. आज आपल्याकडे आहे. लेसरचा काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा झोत त्वचेवर टाकतात. तो आत शिरतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं. रक्त तापतं, पण किती? एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. रुग्णाला काही जाणवत नाही. तेवढ्यानेही रक्तवाहिनी किंचित फुगते आणि तिच्यातून आवाज निघतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, तो अल्ट्रासाऊंड असतो. पण सेन्सरला ऐकू येतो.

कोणी म्हणेल, प्रकाशच आत जातो, तर मग कॅमेऱ्यानेच फोटो का काढत नाही? चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात धुकं लागतं, तेव्हा समोरच्या गाडीचे दिवे कसे दिसतात? नुसता पसरलेला पांढरा उजेड. पण हॉर्न मात्र स्वच्छ ऐकू येतो. शरीरही प्रकाशासाठी तसंच धुकं आहे. एखादा मिलिमीटर आत गेल्यावर प्रकाश वाट्टेल तसा विखुरतो. आवाज त्यामानाने फारच कमी विखुरतो. म्हणून आत जाताना प्रकाश आणि बाहेर येताना आवाज, अशी वाटणी.

आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना पुढचा प्रश्न पडलाच असेल: मग सोनोग्राफी काय वाईट आहे? काहीच वाईट नाही. पण सोनोग्राफीत आवाजच आत जातो आणि त्याचाच प्रतिध्वनी परत येतो, त्यामुळे तिला अवयवांच्या कडा चांगल्या दिसतात. या पद्धतीत रक्त स्वतःच बोलतं. शिवाय प्रकाशाचा रंग बदलता येतो. साधारण ७५० नॅनोमीटरचा प्रकाश ऑक्सिजन देऊन आलेलं रक्त जास्त शोषतं, आणि ८५० च्या आसपासचा प्रकाश ऑक्सिजन भरलेलं रक्त जास्त शोषतं. दोन्ही चित्रांची तुलना केली, की कुठल्या भागात ऑक्सिजन किती आहे, याचा अंदाज येतो. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढवते, म्हणून ही माहिती मोलाची. स्तनातल्या गाठी तपासण्याच्या अशा एका यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये मान्यता दिली. ते सोनोग्राफीच्या जोडीने वापरायचं आहे. यात क्ष-किरण नाहीत आणि शिरेतून रंग सोडावा लागत नाही. मर्यादाही आहे: काही सेंटिमीटरपलीकडे प्रकाश पुरत नाही.

आता माझा भाग, चित्र तयार करण्याचा. इथे कंपासपेटी काढा.

समजा वीज पडली आणि आपल्यापैकी तिघांनी सेकंद मोजले. एक जण शनिवार पेठेत, एक जण मलकापुरात, एक जण विद्यानगरला. पहिल्याला अंतर कळलं, दिशा नाही. नकाशावर त्याच्या घरी कंपासचं टोक ठेवून तेवढ्या अंतराचा कंस काढायचा. वीज त्या कंसावर कुठेतरी. दुसऱ्याचा कंस पहिल्याला दोन ठिकाणी छेदतो. तिसरा सांगतो, त्या दोनांपैकी खरं ठिकाण कोणतं. एवढंच. माझा प्रोग्रॅम दिवसभर कंस काढतो. फक्त कागदाऐवजी अवकाशात, म्हणून कंसाऐवजी गोल.

आमच्या यंत्रात वाडग्यासारखं भांडं आहे, त्यात पाणी आणि आतल्या बाजूने २५६ सेन्सर. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो. सहा सेंटिमीटरवरच्या सेन्सरपर्यंत पोचायला त्याला ४० मायक्रोसेकंद लागतात. सेन्सर सेकंदाला चार कोटी वेळा नोंद घेतो, म्हणजे तेवढ्या वेळात १६०० नोंदी. दहा सेंटिमीटरच्या घनाचे पाव मिलिमीटरचे ठोकळे केले, तर ६ कोटी ४० लाख ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळ्यासाठी २५६ सेन्सरांना विचारायचं, “इथून निघालेला आवाज तुझ्याकडे ज्या क्षणी पोचायला हवा, त्या क्षणी तू काय ऐकलंस?” एका चित्रासाठी सोळाशे कोटींहून जास्त प्रश्न. म्हणून मुलं गेमसाठी घेतात तशी ग्राफिक्स कार्डं आम्हीही घेतो.

जिथे बरेच गोल एकमेकांना मिळतात, तिथे चित्रात उजळ ठिपका येतो. या रीतीला बॅक प्रोजेक्शन म्हणतात. सेन्सर गोलावर, नळकांड्यावर किंवा सपाट पृष्ठभागावर मांडले तरी चालेल असं तिचं सूत्र मिंगहुआ शू आणि लिहोंग वांग यांनी २००५ मध्ये मांडलं. सूत्र अचूक आहे, पण त्याला सगळीकडून, दाटीने लावलेले सेन्सर लागतात आणि आवाजाचा वेग सगळीकडे सारखा लागतो. प्रत्यक्षात दोन्ही मिळत नाहीत. चित्र सुधारायचं म्हणजे ही तूट भरून काढायची.

पहिला धडा वेगाचा. मी बारा वर्षं बँकांचं सॉफ्टवेअर लिहून सहा वर्षांपूर्वी या कामात आले. सुरुवातीलाच एक विचित्र गोष्ट दिसली. सकाळी काढलेली चाचणीची चित्रं रेखीव यायची, दुपारची फिसकटायची. एक बारीक रेघ दोन रेघांसारखी दिसायची. दोन आठवडे मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक पाण्यात होती. सकाळी पाणी २० अंशांच्या आसपास असायचं, दुपारी २५. पाण्यात आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे १४८२ मीटर असतो आणि २५ अंशांना सुमारे १४९७. फरक जेमतेम एक टक्का. पण सहा सेंटिमीटरवर एक टक्का म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त, आणि आम्ही शोधत होतो त्या रेघाच तेवढ्या जाडीच्या. अंतर्वर्तुळ काढताना पेन्सिलीला टोक नसलं, की तीन कोनदुभाजक एका बिंदूत मिळत नाहीत, मध्ये छोटा त्रिकोण राहतो, आठवतं? तेच झालं होतं. भांड्यात तापमापी बसवली आणि प्रोग्रॅमला पाण्याचं तापमान वाचायला शिकवलं. शरीराचं दुखणं मात्र इतकं सोपं नाही. चरबीत वेग १४५० च्या आसपास, स्नायूंत १५५० च्या पुढे. तेही हिशेबात धरावं लागतं.

दुसरा धडा ताळ्याचा. भागाकार झाल्यावर आपण ताळा करायचो: भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. आम्हीही तसंच करतो. आधी चित्राचा अंदाज करायचा. मग संगणकावर उलटा हिशेब करायचा: आत खरंच असं असतं, तर २५६ सेन्सरांनी काय ऐकलं असतं? ते प्रत्यक्षात ऐकलेल्याशी ताडून पाहायचं. जो फरक येईल, त्यानुसार चित्र दुरुस्त करायचं, पुन्हा ताळा, पुन्हा दुरुस्ती. वेळ खूप लागतो, पण चित्र बरंच स्वच्छ होतं. हा उलटा हिशेब करायला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ब्रॅडली ट्रीबी आणि बेन कॉक्स यांनी ‘के-वेव्ह’ नावाचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. आमच्यासारख्या अनेकांची सुरुवात त्यावरच झाली.

आणि तिसरा धडा माझ्या चुकीचा.

२५६ सेन्सर महाग पडतात. ते ६४ करता आले, तर यंत्र बरंच स्वस्त होईल आणि छोट्या शहरातल्या रुग्णालयालाही कधीतरी परवडेल, असा आमचा विचार होता. पण ६४ सेन्सरांचं चित्र रेघोट्यांनी भरून जातं. म्हणून मी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली. संगणकाला हजारो जोड्या दाखवल्या: हे ६४ सेन्सरांचं खराब चित्र, हे २५६ सेन्सरांचं चांगलं चित्र. तो शिकला. खराब चित्र दिलं, की सेकंदाच्या आत चांगलं चित्र द्यायला लागला. रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या स्वच्छ दिसायला लागल्या. एक सर्जन आमचं काम पाहायला आले होते. ते म्हणाले, “हे तर पुस्तकातल्या आकृतीसारखं दिसतंय.” मला केवढा आनंद झाला!

त्याच महिन्यात प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकारी मैत्रिणीने चाचणीचा नवा ठोकळा बनवला. चायनाग्रास शिजवून, थंड करून त्यात काळे दोरे बसवतात. दोरे म्हणजे रक्तवाहिन्या. बसवताना एक दोरा तुटला आणि चार मिलिमीटरची फट राहिली. नवा ठोकळा करायचा कंटाळा आला म्हणून तिने तसाच यंत्रात ठेवला. माझ्या चित्रात दोरा अखंड आला.

तिला वाटलं, आपणच चुकून दुसरा ठोकळा ठेवला. तिने तो बाहेर काढून पट्टीने मोजला. फट होती. चार मिलिमीटर.

मी काय केलं सांगू? मी तिच्याशी वाद घातला. दोरा भिजून पसरला असेल, म्हणाले. ठोकळा नीट जमला नसेल, म्हणाले. माझ्या चित्रात तो अखंड दिसत होता आणि चित्र इतकं सुंदर होतं! रात्री घरी जाताना सर्जनांचं वाक्य आठवलं, पुस्तकातल्या आकृतीसारखं. आणि त्या पाठोपाठ, बाई, तुमचं. माझ्या कारणाच्या रकान्यात पुन्हा एकदा ‘आकृतीवरून’ लिहिलेलं होतं.

झालं होतं ते साधं होतं. शिकवताना संगणकाने फक्त अखंड रक्तवाहिन्या पाहिल्या होत्या. त्यामुळे जिथे ऐकलेलं अपुरं पडलं, तिथे त्याने सवयीने रेघ पुढे नेली. दोऱ्यात त्याने काही बिघडत नाही. पण ती फट माणसाच्या पायातल्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीची असती तर? डॉक्टर चित्र पाहून म्हणाले असते, रक्तपुरवठा चालू आहे.

दोन आठवड्यांवर प्रकल्पाचा आढावा होता. सकाळी मी वरिष्ठांना सांगितलं, की ती चित्रं मागे घ्यावी लागतील. ते म्हणाले, “एक दोरा तर आहे. आढाव्यानंतर बघू.” त्यांचंही चुकत नव्हतं; दहा जणांचं वर्षभराचं काम होतं. मी ठोकळा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी चित्र ठेवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी चित्रं मागे घेतली. काम पाच महिने लांबलं. सर्जनांना मी स्वतः पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: “जिथे दिसत नाही, तिथे ‘दिसत नाही’ असंच लिहा. आम्हाला त्याची सवय आहे.”

मग दुरुस्ती. संगणकाने काढलेल्या चित्राचाही आम्ही आता ताळा करतो: या चित्राप्रमाणे ६४ सेन्सरांनी जे ऐकायला हवं होतं, ते त्यांनी ऐकलं का? फटीच्या जागी उत्तर आलं, नाही. ताळ्याने फट लगेच पकडली. शिकवणीतही आम्ही तुटलेले, अरुंद झालेले, मध्येच संपणारे दोरे घातले. पण ताळ्याने सगळं सुटत नाही. लांब रक्तवाहिनीचा आवाज मुख्यतः तिच्या लंब दिशेने जातो. त्या दिशेला सेन्सरच नसेल, तर ती कोणालाच ऐकू येत नाही. तिथे संगणकाने काहीही रेखाटलं तरी ताळा बरोबरच येतो, कारण त्याला खोटं पाडणारा साक्षीदारच नसतो. अशा जागा आम्ही आता आधीच हिशेबाने शोधतो आणि चित्रात राखाडी ठेवतो. तिथे रेघ काढायची नाही. सेन्सरही ६४ वरून १२८ केले. यंत्र महाग झालं, ते मला अजून खुपतं.

नवी चित्रं पूर्वीइतकी देखणी नाहीत. मध्ये मध्ये राखाडी डाग आहेत. यंत्राच्या चाचण्या अजून चालू आहेत आणि त्यावरून कोणाच्याही उपचाराचा निर्णय होत नाही. पण त्यातल्या कुठल्याही रक्तवाहिनीवर बोट ठेवलं, की शेजारी एक छोटी चौकट उघडते. किती सेन्सरांनी ही ऐकली, ताळा किती जुळला, कुठला भाग ऐकलेला आणि कुठला भाग संगणकाचा अंदाज. त्या चौकटीला काहीतरी नाव द्यायचं होतं. मी ‘कारण’ ठेवलं. आमच्या गटात एक तमिळ आणि एक बंगाली मुलगा आहे. तेही आता विचारतात, “इसका कारण खोला क्या?”

बाई, त्या दिवशी तुम्ही मला शून्याऐवजी दोन गुण दिले असते, तर मी खूश होऊन घरी गेले असते आणि ते वाक्य विसरले असते. तुम्ही ते दिले नाहीत, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानते. आणि माझ्या ज्या मित्रमैत्रिणी आज शिक्षक आहेत, त्यांना एवढंच सांगते: तुमच्या वर्गातही कोणीतरी ‘आकृतीवरून’ लिहीत असेल. त्याच्याशी थोडं भांडा.

सोळावं मिनिट लागलंय आणि मसालेभाताचा वास इथपर्यंत आलाय. तो कुठून येतोय, हे शोधायला सेन्सरची गरज नाही.